झाशीने दत्तक घेतलेली आई

झाशी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती राणी लक्ष्मीबाई आणि तिने पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र. त्या घटनेला नव्वद वर्षे लोटल्यानंतर याच शहरात एक आगळे दत्तविधान घडले. त्याला होमहवन नव्हते, की कागदपत्रे नव्हती. या वेळी दत्तक घेतली गेली ती एक वृद्ध, निराधार आई. आणि तिला घरी आणणारा होता एक मराठी क्रांतिकारक. ती माता म्हणजे हुतात्मा चंद्रशेखर आझाद यांच्या मातोश्री जगरानीदेवी.

जगरानीदेवींचे सारे आयुष्य प्रसिद्धीपासून दूर गेले. उन्नाव जिल्ह्यातील बदरका हे त्यांचे सासरचे गाव. पती सीताराम तिवारी यांच्यासह त्या उपजीविकेसाठी आजच्या मध्य प्रदेशातील भावरा या लहानशा गावी आल्या. तेथेच २३ जुलै १९०६ रोजी चंद्रशेखर यांचा जन्म झाला. मिळकत तुटपुंजी, परंतु मुलाने संस्कृतचा मोठा पंडित व्हावे, ही आईची मनीषा. त्याला काशीला शिकण्यास पाठवावे म्हणून पतीचे मन वळविले ते त्यांनीच. मुलगा काशीस गेला खरा, पण १९२१ च्या असहकार आंदोलनाने त्याला वेगळीच दीक्षा दिली. न्यायाधीशासमोर त्याने आपले नाव ‘आझाद’ सांगितले आणि आईच्या स्वप्नातील पंडित देशाचा झाला.

१९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर आझादांनी झाशीचा आश्रय घेतला. ओरछानजीक सातार नदीकाठी ते हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने राहिले; छावणीतील सदर बाजारात बुंदेलखंड मोटार गॅरेजमध्ये त्यांनी मोटार चालविण्याची विद्याही हस्तगत केली. याच शहरात त्यांना जिवाभावाचे सोबती लाभले: भगवानदास माहौर, विश्वनाथ वैशंपायन आणि सदाशिवराव मलकापूरकर. यांपैकी शेवटचे दोघे झाशीत रुजलेल्या मराठी कुटुंबांतील. सदर बाजाराच्या वर्दळीत हातोडा-पाना घेऊन वावरणारा हा तरुण कोण, हे ठाऊक असणारे मोजकेच होते. दूर भावऱ्यात वाट पाहणाऱ्या आईलाही त्याचा ठावठिकाणा कळविणे शक्य नव्हते.

१९२९ मध्ये सदाशिवराव आणि माहौर भुसावळ स्थानकावर स्फोटक सामग्रीसह पकडले गेले. जळगावच्या न्यायालयात खटला चालला आणि दोघांच्याही वाट्याला दीर्घ कारावास आला. ते गजाआड असतानाच, २७ फेब्रुवारी १९३१ रोजी, अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांनी हौतात्म्य पत्करले. मुलगा गेला, पुढे पतीही गेले. जगरानीदेवींच्या वाट्याला उरले ते दारिद्र्य आणि एकाकीपण.

देश स्वतंत्र झाला. कारावास भोगून परतलेल्या सदाशिवरावांनी मित्राच्या मातेचा शोध घेतला. भावऱ्यातील त्यांची हलाखी पाहून ते त्यांना १९४९ मध्ये झाशीस घेऊन आले. त्यांची स्वतःचीही परिस्थिती बेताचीच होती. परंतु त्यांनी आणि माहौरांनी मिळून या मातेचा सांभाळ केला. सदाशिवरावांनी त्यांना तीर्थयात्रा घडविली. वृद्ध आईची काशी-प्रयागाची आस पुरविणे, हे मुलाचे कर्तव्य आपल्या संस्कृतीत किती मोलाचे मानले जाते, हे सांगावयास नको. जो मुलगा ते पार पाडू शकला नाही, त्याच्या वतीने मित्राने ते पार पाडले.

२२ मार्च १९५१ रोजी झाशीतच जगरानीदेवींनी देह ठेवला. सदाशिवरावांनीच पुत्राच्या नात्याने अंत्यसंस्कार केले. बडागाव दरवाजाजवळील स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे.

नातवंडांना मांडीवर खेळविण्याचे सुख जगरानीदेवींना लाभले नाही. त्यांच्या वाट्याला अवघी दीड-दोन वर्षे आली. पण त्या काळात त्यांना विचारपूस करणारे, आजारपणात उशाशी बसणारे, आपले म्हणणारे माणूस मिळाले. वार्धक्यात माणसाला याहून अधिक हवे तरी काय असते?

निवृत्तिवेतनाच्या दिवशी बँकेच्या कोणत्याही शाखेत मुलाचा वा नातवाचा हात धरून आलेल्या आजी दिसतात. क्वचित एखादी शेजाऱ्याच्या आधाराने आलेलीही दिसते. नामनिर्देशनाच्या अर्जावर ‘ठेवीदाराशी नाते’ असा एक रकाना असतो. सदाशिवराव आणि जगरानीदेवी यांचे नाते त्या रकान्यात काय म्हणून लिहिले असते, हे सांगणे कठीण. रक्ताचे नव्हते, कायद्याचे नव्हते. तरीही मित्राने मागे ठेवलेले मातृऋण एका सामान्य स्थितीतील माणसाने आपले मानले आणि कोणी मागितले नसताना फेडले. रणांगणातील शौर्याइतकेच हे शांत शौर्यही झाशीच्या इतिहासाचे धन आहे.