एक 'टक्' आणि गंजलेला बोल्ट

ओहायोत एप्रिल लागला की बर्फ विरतं, गवत भराभर वाढतं आणि शनिवारी सकाळी गल्लीत एकामागून एक मॉवर सुरू होतात. आमचं अंगण पाऊण एकराचं, त्यामुळे बसून चालवायचा मॉवर घेण्याशिवाय इलाज नव्हता. गेल्या वर्षी हिवाळाभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या त्या यंत्राची किल्ली फिरवली, तर सीटखालून नुसतं 'टक्' झालं. दुकानात म्हणाले, बॅटरी गेली. नवी आणून बसवली. पुन्हा तेच 'टक्'.

गवत कापायच्या यंत्राचं पहिलं पेटंट एडविन बडिंग या इंग्रजाने 1830 मध्ये घेतलं. कापडावरचे तंतू कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला ते सुचलं होतं. त्यात विजेचं काही नव्हतं. आजच्या बसून चालवायच्या पेट्रोल मॉवरमध्ये मात्र दोन वेगळे संसार नांदतात, आणि ते वेगळे आहेत हे कळलं की निम्मं काम झालं. एक बॅटरीचा: किल्ली, फ्यूज, सोलेनॉइड म्हणजे सेल्फला करंट जोडणारा स्विच, आणि सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. दुसरा ठिणगीचा, मॅग्नेटोचा. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलसमोरून गेलं की ठिणगी पडते, तिला बॅटरी लागत नाही. आपल्याकडच्या किक मारायच्या जुन्या स्कूटरसारखंच. इंजिन बंद करायचं, तर कॉइलची एक बारीक वायर अर्थ करायची. उंदराने ती वायर कुरतडली आणि तिचं उघडं तांबं चासीला टेकलं, की सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पेटत नाही. अशा वेळी लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

आवाज नीट ऐकावा. काहीच आवाज नाही, तर आधी फ्यूज पाहावा, मग ब्रेकच्या पेडलखालचा आणि पात्यांचा स्विच. पेडल दाबलेलं नसेल किंवा पाती चालू ठेवलेली असतील, तर सोलेनॉइडपर्यंत करंट पोचतच नाही. 'टकटकटकटक' झालं, तर बॅटरी उतरलेली. एकच ठसठशीत 'टक्' झालं, तर सोलेनॉइड आपलं काम करतोय, पण सेल्फला पुरेसा करंट मिळत नाही. कारण सोलेनॉइडच्या जळलेल्या पॉइंटात असेल, नाहीतर एखाद्या सांध्यात.

मल्टीमीटर घेऊन बसलो. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं आणि मुलाला किल्ली फिरवायला सांगितली. त्या दोन टोकांमध्ये अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको. दिसले सात! सेल्फच्या वाट्याचा दाब वाटेतच खर्ची पडत होता. काळ्या केबलमागोमाग हात नेला, तर चासीवरच्या बोल्टखाली तांबूस भुगा लागला. आधी निगेटिव्ह सोडवली, पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासला, वॉशर बदलला, बोल्ट आवळला. किल्ली फिरवताच इंजिन पेटलं. पूर्ण थ्रॉटलवर बॅटरीला 14 व्होल्ट मिळत होते, म्हणजे चार्जिंगही ठीक.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून सांगायचंय. सीटखालचा स्विच बिघडला की काहीजण त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून मोकळे होतात. पाती चालू असताना माणूस सीटवरून उठला किंवा उतारावर पडला, तर इंजिन बंद करणारा स्विच तो हाच. तपासण्यापुरतं जोडून पाहायचं असेल, तर पाती बंद ठेवून पाहावं, पण मग नवा स्विच बसवावाच. आमच्या अंगणात पोरं खेळतात.

'गेलेली' जुनी बॅटरी रात्रभर चार्जरला लावली. सकाळी तिच्यावरही 12.6 होते. तीच परत बसवली, आणि नवी बिलासकट दुकानात परत नेली.