विश्लेषण : ठाण्याच्या जंगलाची किंमत किती? हिशोबात लाकूड दिसते, मग पाणी का दिसत नाही?

मुंबईला पाणी देणाऱ्या सात धरणांची एकूण साठवण क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यातली भातसा आणि तानसा ही दोन धरणे ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत आणि एकूण साठ्यापैकी जवळपास ६० टक्के पाणी या दोघांतच मावते. या धरणांच्या पाणलोटात जंगल आहे. पण या जंगलाने अर्थव्यवस्थेत किती भर घातली असे विचारले, तर उत्तरात लाकूड, जळण, बांबू, डिंक अशी यादी येते. पाणी त्या यादीत नसते. जंगलाचा आर्थिक वाटा मोजतात कसा, त्यातून काय सुटते आणि ठाणे, कल्याण-डोंबिवलीतल्या नळधारकाचा त्याच्याशी काय संबंध, ते समजून घेऊ.

जंगलाचा वाटा सध्या कसा मोजतात?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात वनक्षेत्राचा स्वतंत्र रकाना असतो. त्यात मुख्यतः तीन गोष्टी धरल्या जातात : इमारती व औद्योगिक लाकूड, जळाऊ लाकूड आणि गौण वनोपज. म्हणजे जंगलातून बाहेर पडून बाजारात जे विकले गेले, किंवा विकले गेले असे मानता येते, तेवढेच. बाकीचा फायदा दुसऱ्यांच्या खात्यात जमा होतो. धरणातले पाणी पाणीपुरवठा क्षेत्रात मोजले जाते, जंगल पाहायला आलेल्या पर्यटकाचा खर्च हॉटेल आणि वाहतुकीत जातो आणि खाडीतली मासळी मत्स्यव्यवसायात. यात कुणी लबाडी करत नाही, हिशोबाची पद्धतच तशी आहे. मात्र परिणाम असा होतो की उभे जंगल कागदावर जवळजवळ निरुपयोगी दिसते आणि तोडलेले जंगल उत्पन्न देणारे दिसते.

केंद्राच्या नव्या हिशोबात काय आहे?

ही उणीव भरून काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये पर्यावरणीय लेखांकनाची आंतरराष्ट्रीय चौकट स्वीकारली. त्या चौकटीनुसार केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये केवळ वनांवरचा स्वतंत्र लेखा प्रथमच प्रसिद्ध केला. त्यात २०२१-२२ या वर्षासाठी दोन आकडे शेजारीशेजारी आहेत. लाकूड आणि वनोपज यांसारख्या पुरवठा सेवांचे मूल्य सुमारे ३७ हजार ९३० कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या ०.१६ टक्के. कार्बन धरून ठेवण्याच्या सेवेचे मूल्य सुमारे ६ लाख २१ हजार कोटी, म्हणजे जीडीपीच्या २.६३ टक्के.

देश तोच, जंगल तेच, पण काय मोजले यावर उत्तर १६ पटींनी बदलले. पुरवठा सेवांत महाराष्ट्र आघाडीच्या राज्यांत आहे. कार्बनच्या आकड्याबाबत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तो एक टन कार्बनला किती किंमत लावली यावर अवलंबून आहे. ती किंमत बदलली की जंगलातले एकही पान न हलता आकडा बदलतो.

मग पाण्याची किंमत कशी लावायची?

‘झाडे पाणी निर्माण करतात’ हे विधान बरोबर नाही. झाडे पाणी शोषतात आणि त्यातले बरेचसे हवेत सोडतात. जंगलाचे खरे काम वेगळे आहे : उतारावरची माती धरून ठेवणे, पावसाचा लोंढा संथ करणे आणि धरणात येणारा गाळ कमी ठेवणे. अशा कामाला बाजारभाव नसतो. म्हणून अर्थतज्ज्ञ ‘टळलेला खर्च’ मोजतात. जंगल नसते तर हेच काम करायला किती पैसे लागले असते, हा त्यामागचा प्रश्न.

एक साधे गणित करू. भातसा आणि तानसा यांची एकत्रित क्षमता सुमारे ८ लाख ६२ हजार दशलक्ष लिटर आहे. समजा गाळामुळे त्यातली फक्त एक टक्का क्षमता गेली, तर ८ हजार ६०० दशलक्ष लिटरहून अधिक पाण्याची जागा गेली. मुंबईला रोज साधारण ३ हजार ९०० दशलक्ष लिटर पाणी दिले जाते. म्हणजे एक टक्का गाळ बरोबर मुंबईचे सव्वादोन दिवसांचे पाणी. तेवढी क्षमता नव्याने उभारण्याचा किंवा तेवढा गाळ उपसण्याचा खर्च काढला, तर जंगलाच्या या एका कामाची किंमत हाती येते. धरणात दरवर्षी किती गाळ येतो आणि त्यातला किती जंगल अडवते, हे मोजले तर हे गणित अंदाजाचे राहणार नाही.

शहापूर, मुरबाडच्या आदिवासींचे उत्पन्न यात कुठे दिसते?

फार थोडे दिसते. पावसाळ्यात शेवळी, करटोली, कुरडू, टाकळा या रानभाज्या पाट्यांतून तालुक्याच्या आणि शहरांच्या बाजारात येतात. त्याची पावती कुणी फाडत नाही, त्यामुळे नोंदही होत नाही. घरी वापरलेल्या औषधी मुळ्यांचेही तसेच.

नोंद झाली की चित्र कसे बदलते, याचे उदाहरण शहापूरचेच आहे. वनधन योजनेखाली कातकरी तरुणांनी पुढाकार घेतलेल्या इथल्या केंद्राला २०२१ मध्ये औषध कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली. रक्कम होती १ कोटी ५७ लाख रुपये, म्हणजे किलोमागे सुमारे ४५ रुपये. वेल आधीही जंगलातच होती. गट, वजनकाटा आणि बिल आले, तेव्हा ती अर्थव्यवस्थेत दिसू लागली. गौण वनोपजावरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक वननिवासींना दिला आहे. त्यामुळे ही नोंद कुणाचे उत्पन्न बुडते आणि कुणाचे वाढते, हे ठरवताना पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

जंगल प्रकल्पात गेले तर किती पैसे भरावे लागतात?

इथे मोजमापाचा थेट पैशांशी संबंध येतो. वनजमीन अन्य कामासाठी घेणाऱ्याला ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये त्याचे दर ठरवले : जंगलाचा प्रकार आणि घनता यांनुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये. अभयारण्यासाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने दर वाढवले आणि सर्वाधिक दर १५ लाख ९५ हजारांवर गेला.

आता मुरबाड तालुक्यातले काळू धरण पाहू. महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी प्रस्तावित असलेल्या या धरणाला सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन लागणार आहे. आवश्यक वनमंजुरीविना सुरू झालेले काम २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थांबवले होते. सर्वाधिक दर लावला तरी एवढ्या जमिनीचे मूल्य साधारण १६० कोटी होते, तेही एकदाच. हा दर जंगलाचा प्रकार पाहतो, त्याच्या खाली कोण राहते हे पाहत नाही. निर्मनुष्य डोंगरावरचे जंगल आणि लाखोंच्या पाणलोटातले जंगल, वर्ग आणि घनता सारखी असेल तर भाव एकच.

हे पैसे भरपाई वनीकरण निधीत जातात. २०१६ च्या कायद्यानुसार त्यातले ९० टक्के राज्याला आणि १० टक्के केंद्राला मिळतात. ज्या पाड्याचे जळण आणि रानभाजी गेली, त्याच्या हातात यातला रुपया थेट पडत नाही.

शहरातल्या झाडांचे आणि कांदळवनांचे माप कोणते?

शहरात माप बदलते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. ४० वर्षांच्या झाडाला ४० रोपे. वयाला किंमत मिळाली, हे चांगलेच. पण ४० रोपांनी आज किती सावली दिली, हे या मापात येत नाही.

खाडीकाठी माप आहे ते झाडांच्या संख्येचे. बुलेट ट्रेनसाठी तोडायच्या कांदळवनांची संख्या आधी ५३ हजार ४६७ होती, ती २१ हजार ९९७ वर आणली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. संख्या निम्म्याहून कमी झाली, हे वाचकाला लगेच कळते. मात्र त्या पट्ट्यात मासळीची किती पिल्ले वाढत होती आणि भरतीचे पाणी किती अडत होते, हे संख्येवरून कळत नाही. ठाणे खाडीचा ६५ चौरस किलोमीटरचा परिसर २०२२ मध्ये रामसर यादीत आला आहे. इथे अशी मोजणी करणे अवघड नाही.

आकडा जितका मोठा तितका चांगला का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४ हजार ५०० रुपये काढले आणि तो आकडा समाजमाध्यमांवर खूप फिरला. त्यातले ४५ हजार रुपये एकट्या ऑक्सिजनचे होते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे. एक झाड तोडल्याने कुणाला सिलिंडर विकत घ्यावा लागत नाही. त्यामुळे विरोधकाला या एका बाबीवर बोट ठेवून सगळा हिशोबच उडवून लावता येतो.

म्हणून जंगलाच्या मूल्याची बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. रक्कम वर्षाची आहे की एकूण? फायदा कुणाला होतो? कोणती किंमत गृहीत धरली? आणि आकडा एकच आहे की ‘इतके ते इतके’ अशी मर्यादा दिली आहे? मर्यादा सांगणारा आकडा कमी चमकदार दिसतो, पण सुनावणीत तोच टिकतो.

पाण्यासाठी जंगलाला पैसे दिल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये कॅट्सकिल डोंगररांगांतल्या पाणलोटाच्या रक्षणाचा करार केला. पर्याय होता गाळण प्रकल्पाचा, ज्याचा अंदाजित खर्च ६ ते ८ अब्ज डॉलर होता. पाणलोट सांभाळणे त्यापेक्षा बरेच स्वस्त पडले. भारतात हिमाचल प्रदेशातल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये शहराला पाणी देणाऱ्या झऱ्याभोवतीचे जंगल राखणाऱ्या गावांशी करार केला. रक्कम अगदी लहान होती, पण पाणी घेणारा आणि जंगल राखणारा पहिल्यांदाच एका कागदावर आले.

ठाण्यात काय करता येईल?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल काढावा लागतो. त्यात झाडांची संख्या असते, प्रदूषणाचे आकडे असतात. त्याच अहवालात आणखी एक पान घालता येईल : शहराचे पाणी कोणत्या पाणलोटातून येते, तिथले जंगल वर्षभरात किती वाढले किंवा घटले, धरणात गाळ किती साचला आणि वरच्या गावांना बदल्यात काय मिळाले.

यातला शेवटचा रकाना भरणे सर्वांत अवघड जाईल. भातसा आणि तानसाच्या शहापूर तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याच्या बिलात शुद्धीकरण, पंप आणि जलवाहिनी यांचा खर्च धरलेला असतो. पाणलोटाच्या नावाची ओळ त्यात आली, तर ती किती रुपयांची असावी यावर वाद होईल. आज तर ती ओळच नाही.