नांगरणी-कापणीतला शब्बाथ
लेखमाला : विसाव्याचे वार – भाग चौथा

सोलापूर-धुळे महामार्गावर येरमाळा मागे टाकून बीडच्या दिशेने निघालं की तेरखेडा लागतं. वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. मराठवाड्याची शिवकाशी असंही त्याला म्हणतात. दारू भरणं, वात बसवणं, कागद गुंडाळणं, सगळी हातांची कामं. दिवाळी जवळ आली की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की सुटीचा प्रश्न अवघड होतो.

कारखान्यातल्या सुटीचं उत्तर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने देऊन ठेवलं होतं. आठवडा म्हणजे शनिवारच्या मध्यरात्रीपासून मोजलेले सात दिवस, अशी त्यातली व्याख्या. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रौढ कामगाराला कामावर बोलवायचं नाही. बोलवायचंच असेल, तर त्या दिवसाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक पूर्ण दिवस सुटी द्यायची. मात्र असं पुढे-मागे करतानाही सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. कलमात देवाधर्माचा उल्लेख नाही. पण आठवडा शनिवारी मध्यरात्रीच का सुरू व्हावा आणि पहिलाच दिवस सुटीचा का, याचं मूळ ख्रिस्ती इतिहासात आहे.

तेरखेड्याच्या मागच्या पिढ्यांना हा रविवार परका होता. त्यांचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानातल्या सरकारी कचेऱ्या शुक्रवारी बंद असत. शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात, मुंबई इलाख्याच्या सोलापूर जिल्ह्यात. तिथली कचेरी रविवारी बंद. ज्याला दोन्हीकडे काम असे, त्याला सरहद्दीबरोबर सुटीचा वारही बदलून मिळे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, आणि योगायोग असा की वर सांगितलेल्या कारखाने अधिनियमाला आठवडाभरातच, २३ सप्टेंबरला मंजुरी मिळाली. शुक्रवार गेला, रविवार आला.

रविवार म्हणजे ख्रिस्ती लोकांचा शब्बाथ, असं सरसकट मानलं जातं. खुद्द ख्रिस्ती धर्मात मात्र या एका वाक्यावर अनेक शतकं वाद झाला आहे.

शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, मूळ आज्ञा मोशेच्या दहा आज्ञांपैकी एक. सहा दिवस काम करायचं, सातव्या दिवशी थांबायचं. हा सातवा दिवस शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारच्या सूर्यास्ताला संपतो. ही आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्ही वेळा कारण निराळं दिलेलं आहे. निर्गम या पुस्तकात कारण सृष्टीचं : देवाने सहा दिवसांत जग घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकात कारण इतिहासाचं : तुम्ही मिसर देशात गुलाम होता, तिथून सुटून आलात, हे विसरू नका.

दुसरं कारण वाचल्यावर आज्ञेतली यादी नीट उलगडते. विसावा फक्त घरधन्याला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि गावात राहणारा परका, हे सगळे त्यात आहेत. ज्यांना स्वतःहून ‘आज येत नाही’ म्हणायची सोय नसते, त्यांचीच नावं घेऊन सांगितलं आहे. निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात तर आणखी एक पळवाट बुजवली आहे : नांगरणीचे दिवस असोत की कापणीचे, सातव्या दिवशी थांबायचंच. मृगाचा पाऊस पडून वाफसा आल्यावर एक दिवस औत उभं ठेवणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. आज्ञा करणाऱ्यालाही ते ठाऊक होतं, म्हणूनच हंगामाचा मुद्दाम उल्लेख आला.

येशू स्वतः यहुदी. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जाण्याची त्याची रीत होती, असं लूक सांगतो. तरी धर्मशास्त्र्यांशी त्याचे खटके उडाले ते बहुतेक याच दिवशी. शिष्यांनी वाटेत कणसं मोडून दाणे खाल्ले, त्याने वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला, अठरा वर्षं कंबरेत वाकलेल्या बाईला सरळ उभं केलं. हे काम झालं, म्हणून ठपका आला. त्यावर त्याने दिलेले दाखले गोठ्यातले आणि विहिरीवरचे आहेत : तुम्ही शब्बाथाच्या दिवशी बैलाचं दावं सोडून त्याला पाण्यावर नेता की नाही? बैल विहिरीत पडला तर लगेच वर काढता की नाही? मग माणसाने उद्यापर्यंत का थांबायचं? शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हा मार्कच्या शुभवर्तमानातला त्याचा मुद्दा पुढे ख्रिस्ती चर्चेचा कणा झाला.

येशूला शुक्रवारी क्रुसावर दिलं गेलं आणि शिष्यांच्या साक्षीनुसार आठवड्याच्या पहिल्या दिवशी तो पुन्हा उठला. त्या आठवणीने ख्रिस्ती मंडळी पहिल्या दिवशी जमू लागली. त्रोवसच्या मंडळीने या दिवशी एकत्र येऊन भाकर मोडल्याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. गरीब बांधवांसाठी पहिल्या दिवशी काही बाजूला काढून ठेवा, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर याने रविवारच्या सभेचं वर्णन केलं आहे : वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, आणि गरजूंसाठी वर्गणी. त्यात उपासना आहे, सुटी नाही. रोमन साम्राज्यात रविवार कामाचाच दिवस होता आणि मंडळीत दास पुष्कळ. दासाला कसली सुटी! बिथिनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राटाला कळवलं होतं की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात.

सुटी आली ती सम्राट कॉन्स्टंटाइनच्या हुकुमाने, ७ मार्च ३२१ रोजी. न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांनी रविवारी काम थांबवावं. शेतकऱ्यांना मात्र मोकळीक, कारण पेरणीला किंवा वेल लावायला योग्य दिवस पुन्हा मिळेलच असं नाही. हुकूम व्यवहाराला धरून होता यात शंका नाही. पण मोशेच्या आज्ञेने जो हंगाम नाव घेऊन सुटीत धरला होता, तोच कॉन्स्टंटाइनने नाव घेऊन सुटीतून वगळला. चौथ्या शतकातच लावदिकियाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी रिकामं न बसता काम करावं, विसावा रविवारी घ्यावा, असा नियम केला. असा नियम करावा लागला, याचाच अर्थ शनिवार पाळणारे ख्रिस्ती तेव्हाही बरेच होते. इथिओपियाच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीत दोन्ही दिवसांचा मान आजही टिकून आहे.

पुढे पंथ वाढले तशा रीती वाढल्या. कॅथलिकांना रविवारच्या मिस्साचं बंधन आहे आणि ते शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानेही पुरं होतं. सतराव्या शतकात इंग्लंडच्या प्युरिटन लोकांनी शब्बाथाचे सगळे निर्बंध रविवारवर आणले : खेळ नाही, बाजार नाही, प्रवास नाही. गरजेची आणि दयेची कामं तेवढी चालतील. या वळणाचा स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची शर्यत धावला नाही, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती. त्याऐवजी तो चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला.

शनिवार पाळणाऱ्यांत आज सर्वांत मोठा पंथ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्टांचा. १८६३ मध्ये अमेरिकेत त्याची संघटना उभी राहिली. आज्ञेत सातवा दिवस म्हटलं आहे, ती कुणी बदललेली नाही, मग दिवस कसा बदलेल, हा त्यांचा सरळ युक्तिवाद. महाराष्ट्रात या पंथाचं मोठं ठिकाण पुणे. सॅलिसबरी पार्कमध्ये त्यांचा ओरिएंटल वॉचमन छापखाना आहे आणि १९१५ मध्ये दक्षिणेत सुरू झालेलं स्पायसर महाविद्यालय १९४२ मध्ये पुण्यात आलं. या मंडळींत शुक्रवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक, धुणं, बाजार उरकून घेतात. शनिवारी उपासना, रविवारी पुन्हा काम. शनिवारी परीक्षा किंवा मुलाखत आली की खरी पंचाईत होते.

मराठी मुलखाला शनिवारचा शब्बाथ मात्र त्याआधीपासून माहीत होता. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्राएल यहुदी तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. एकाच धंद्यातल्या दोन समाजांची ओळख त्यांच्या सुटीच्या वारावरून ठरत होती.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र कुठलाच वार हक्काचा नव्हता. विजेचे दिवे नव्हते तेव्हा उजेड असेतोवर यंत्रं चालत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या त्यांच्या अर्जात पहिलीच मागणी रविवारच्या सुटीची होती. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते आणि गिरणीमालकांतही ख्रिस्ती थोडे. मग रविवारच का? सरकारी कचेऱ्या त्या दिवशी आधीच बंद असत, हे एक कारण उघड आहे. कामगारांच्या बाजूने दुसरंही कारण सांगितलं जातं : रविवार खंडोबाचा. धाराशिव जिल्ह्याला ते पटायला वेळ लागत नाही. तुळजापूर तालुक्यात अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत एकाच खंडोबाची मूर्ती आळीपाळीने नांदते आणि रविवारी भाविकांची गर्दी असतेच. इंग्रजांच्या चर्चची सुटी गिरणगावात येताना अशी भंडारा लावून आली.

या मागणीच्या शेजारी दोन तारखा ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १८९१ मध्ये हिंदुस्थानच्या सुधारित फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुटीची तरतूद केली. त्याच वर्षी १५ मे रोजी पोप तेरावा लिओ याने कामगारांच्या प्रश्नावर आपलं प्रसिद्ध परिपत्रक काढलं आणि त्यात रविवारचा विसावा हा कामगाराचा हक्क म्हणून मांडला. माणूस आपल्या आत्म्याची गुलामगिरी स्वतःहूनही कबूल करू शकत नाही, अशी पोपची भूमिका होती. म्हणजे कामगार राजी आहे म्हणून सातही दिवस राबवून घ्यावं, ही सबब चालणार नव्हती. मिसरमधल्या गुलामीचं कारण देणाऱ्या जुन्या आज्ञेशी हे थेट जुळतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही दुकान आठवडाभर उघडं ठेवायला परवानगी दिली, पण कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास सुटी हवीच, ही अट कायम ठेवली. दुकानाचा वार सुटला, माणसाचा राहिला.

शेत मात्र कॉन्स्टंटाइनच्या काळात जिथे होतं तिथेच राहिलं. कारखान्याचे आणि दुकानाचे कायदे बांधापाशी येऊन थांबतात. वाशी, भूम, कळंब या तालुक्यांतून आणि लागून असलेल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. गाळप चालू आहे तोवर फडात साप्ताहिक सुटी नावाची गोष्ट नाही. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. आजारपण, पाळी, मुलाचा ताप, कशानेही दिवस चुकला तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. विसाव्याच्या दिवसाला दंड, अशी ही उलटी आज्ञा. कापणीच्या हंगामातही थांबा, हे निर्गममधलं वाक्य ज्यांच्यासाठी लिहिलं गेलं असेल, त्यांच्या सगळ्यात जवळची माणसं या फडात आहेत. त्यांच्यासाठी एखादा लोखंडे उभा राहायचा आहे आणि साखर कारखान्याचं गाळप एक दिवस थांबवायचं तर तोडणी, वाहतूक आणि उताऱ्याचं गणित कसं बसवायचं, हे कुणीतरी मांडून दाखवायचं आहे.

(पुढील भागात : अमावस्येला औत का धरत नाहीत? बैलांच्या सुटीचे मराठी रिवाज आणि सोमवार तेल्यांचा घाणा.)