औषधास न जुमानणारे जंतु व आपलीं जनावरें

या मासिकाच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं दुभतीं जनावरें आहेत, व कित्येकांनीं जोडधंदा म्हणून कोंबड्याही पाळल्या आहेत. त्यांस औषधपाणी करितांना आपल्या हातून जें घडतें, त्याचा संबंध इस्पितळांत निजलेल्या रोग्यापर्यंत कसा पोंचतो, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "माझ्या अंगास औषधाची संवय झाली, म्हणून तें लागू पडत नाहीं," असें पुष्कळ लोक म्हणतात. संवय होते ती अंगास नव्हे, जंतूंस. प्रतिजैविक औषधानें त्यास बळी पडणारे जंतु मरतात. परंतु कोट्यवधि जंतूंत एखादा चिवट निघतोच. तो उरतो, व मोकळ्या झालेल्या जागेंत त्याचीच प्रजा माजते. एकच तणनाशक वर्षानुवर्षें मारल्यावर शेतांत कोणतें तण उरतें, याचा अनुभव अनेकांस आहेच.

ही झाली वारशाची गोष्ट. याहून घातक असा दुसरा मार्ग आहे. माझें आयुष्य महसूल खात्याचें दप्तर सांभाळण्यांत गेलें, म्हणून त्याच भाषेंत सांगतों. बापामागें मुलाचें नांव लागतें, ती वारसनोंद. परंतु कित्येक जंतूंपाशीं प्लाझ्मिड नांवाचें एक लहानसें वर्तुळाकार सूत्र असतें. औषध निष्फळ कसें करावें हें त्यावर जणूं लिहिलेलें असतें, व त्याची नक्कल करून जंतु ती शेजारच्या जंतूस देतो. शेजारी भाऊबंदच असला पाहिजे असें नाहीं, परजातीचाही चालतो. अर्ज नाहीं, फी नाहीं, आणि मूळ प्रत देणाऱ्यापाशीं कायम!

चीनमधील उदाहरण पाहावें. कोलिस्टिन हें जुनें औषध. मूत्रपिंडास अपाय करतें म्हणून डॉक्टरांनीं तें बहुतेक सोडून दिलें होतें. पुढें इतर औषधें निकामी ठरूं लागलीं, तेव्हां अखेरचा उपाय म्हणून तेंच पुन्हां हातीं घ्यावें लागलें. इकडे चीनमध्यें मात्र तें डुकरां-कोंबड्यांच्या खाद्यांत, रोग असो वा नसो, वजन लौकर वाढावें म्हणून टनावारी मिसळलें जात होतें. जुलै २०१३ मध्यें शांघाय येथील एका डुकरापासून मिळालेल्या ई-कोलाय जंतूंत कोलिस्टिनला दाद न देणारें एक जनुक पुढें आढळलें, आणि तें प्लाझ्मिडावर होतें. त्यास एमसीआर-१ असें नांव दिलें. नोव्हेंबर २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेले आंकडे असे: जनावरांच्या ८०४ नमुन्यांपैकीं १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ पैकीं ७८, आणि इस्पितळांतील रोग्यांच्या १३२२ पैकीं १६ नमुन्यांत हें जनुक होतें. जनावरांत सर्वांत अधिक, मांसांत त्याहून कमी, माणसांत थोडें. यावरून ओघ जनावरांकडून माणसांकडे असावा, असें संशोधकांनीं अनुमान काढलें.

मांस नीट शिजविलें कीं जंतु मरतात, मग भीति कसली, असें कोणी विचारील. मरतात खरे, पण तत्पूर्वीं हात, सुरी व पाट यांवरून ते कोशिंबिरीस लागतात. शाकाहारी मंडळींनींही निश्चिंत राहूं नये. कोंबड्यांची ताजी विष्ठा भाजीच्या वाफ्यांत घातली, तर तिजबरोबर जंतूही येतात. खत ढिगांत तापून पुरतें कुजलें म्हणजे त्यांची संख्या पुष्कळ घटते.

आतां स्वतःची चूक सांगतों. नोकरींत असतांनाच मीं घरीं दोनशें कोंबड्या पाळल्या होत्या. २०१७ च्या पावसाळ्यांत त्या माना टाकूं लागल्या. खाद्य विकणाऱ्यानें एक पुडी दिली, ती मीं तीन दिवस पाण्यांतून पाजली. मरतुक थांबेना. पशुवैद्य आले तेव्हां समजलें कीं रोग मानमोडीचा. मानमोडी काय, लाळ-खुरकत काय, हे रोग विषाणूंचे. त्यांवर प्रतिजैविकाचा कांहीं उपयोग नाहीं, लसच वेळेवर दिली पाहिजे. नंतर चष्मा लावून पुडीवरील बारीक अक्षरें वाचलीं, तों आंत कोलिस्टिन! जन्मभर दुसऱ्यांचे कागद बारकाईनें तपासले, आपली पुडी मात्र वाचली नाहीं.

जुलै २०१९ मध्यें केंद्र सरकारनें अन्नासाठीं पाळलेलीं जनावरें, कोंबड्या, मत्स्यशेती व पशुखाद्य यांकरितां कोलिस्टिनची विक्री बंद केली. परंतु हें एकाच औषधापुरतें झालें. गाईच्या कासदाहावर पशुवैद्यानें पांच दिवसांचें औषध सांगावें, तिसऱ्या दिवशीं दूध साफ दिसलें म्हणून आपण तें थांबवावें, व उरलेलें शेजाऱ्याच्या म्हशीस द्यावें, हा प्रकार गांवोगांव चालू आहे. औषध कोणतें, किती व किती दिवस, हें पशुवैद्यासच ठरवूं द्यावें.

चीननें ३० एप्रिल २०१७ पासून खाद्यांतील कोलिस्टिन बंद केलें. तेथील डुकरांत त्यास न जुमानणाऱ्या ई-कोलायचें प्रमाण २०१५-१६ मध्यें शेंकडा ३४ होतें, तें २०१७-१८ मध्यें शेंकडा ५ वर आलें. कोंबड्यांत १८ वरून ५ वर. नक्कल जवळ बाळगण्याचा जंतूसही कांहीं खर्च पडतो; औषधाचा धाक गेला कीं ती न बाळगणारे जंतु पुढें सरतात. प्रमाण शून्यावर मात्र आलें नाहीं.