दात कशानं घासता?

आमच्या वहिनीला पाचवा महिना लागला, तेव्हा तिच्याबरोबर मी दवाखान्यात गेले होते. वजन झालं, बीपी बघून झालं. मग सिस्टरनी विचारलं, "तंबाखू-बिंबाखू खातासा काय?" वहिनी म्हणाली, "नाही हो सिस्टर." झालं, पुढचा नंबर!

वहिनी खोटं बोलली नव्हती. ती तंबाखू खात नाही. सकाळी उठल्यावर आणि दोन्ही जेवणांनंतर ती फक्त मिश्री लावते.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली तंबाखूच. कोकणात, मुंबईत हिलाच मशेरी म्हणतात. पण आपल्या घराघरांत तिची गणती व्यसनात होत नाही, दंतमंजनात होते. दाढ दुखली, पोट साफ होईना, की थोरल्या बायकाच सुनेच्या हातावर चिमूटभर ठेवतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया २ टक्के निघाल्या, तर धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. म्हणजे आपल्याकडे गरोदर बाईची तंबाखू सोडवायची, तर बहुतेक वेळा ती तोंडातली असते.

हिरड्यांतून निकोटिन रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे थोडे नव्हेत.

इंग्लंडमध्ये गरोदर बाईची पहिली तपासणी होते तेव्हा तिला एका यंत्रात फुंकर मारायला सांगतात. श्वासात कार्बन मोनॉक्साइड जास्त निघाला, की तिचं नाव धूम्रपान सोडवणाऱ्या केंद्राकडे जातं आणि तिकडूनच तिला फोन येतो. नको असेल तर तिनं नाही म्हणायचं. मदत शोधत तिला फिरावं लागत नाही, हे त्यातलं घेण्यासारखं. पण ते यंत्र धूर पकडतं, मिश्री नाही! आपल्याकडे यंत्राचं काम प्रश्नालाच करावं लागणार. "तंबाखू खाता का?" याऐवजी "दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?" असं विचारलं, तर खरं उत्तर येतं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१३ साली सांगितलं आहे, की हा प्रश्न गरोदरपणात लवकरात लवकर आणि प्रत्येक तपासणीला विचारावा, आणि त्यात बिनधुराची तंबाखूही धरावी.

विचारायचं ते एकटीला, सासू-नवऱ्यासमोर नाही. "पोरावर उठलीस काय?" असं खेकसलं, की बाई मिश्री सोडत नाही, लपवायला लागते.

सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. हे कुणी आधी सांगितलेलं नसेल तर बाई घाबरून पुन्हा डबीकडे वळते. तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ चूळ भरावी, पाणी प्यावं, जरा चालावं. पोटासाठी पालेभाजी, भाकरी, भरपूर पाणी. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगगम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आणि घरातल्या बाकीच्यांनी आपली डबी तिच्या डोळ्यांआड ठेवावी. कितवाही महिना असो, सोडली तर फायदाच आहे.

२०१६ पासून सरकारची तंबाखूमुक्तीसाठी फुकट फोनसेवा आहे: १८००-११-२३५६. पुढे हा नंबर तंबाखूच्या पाकिटावर छापायला लागले. पण घरी भाजलेल्या मिश्रीला कुठलं आलंय पाकीट? म्हणून तो आपणच लिहून न्यायचा आणि पहिला फोन तिच्याजवळ बसून लावून द्यायचा.

वहिनीला त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मी हेच विचारलं. ती आधी हसली, मग हळूच म्हणाली, "ही बी तंबाखूच की गं... मला कुणी सांगितलंच नाही." नंतर तिनं दोनदा सोडली, दोनदा पुन्हा लावली, तिसऱ्यांदा मात्र सुटली. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा तुमच्याही घरात, गल्लीत कुणी पोटुशी असेल. तिला एवढंच विचारा, दात कशानं घासतेस?