स्वसंवादातील पुरुषभेद

खडतर सरावात थकलेला खेळाडू स्वतःस धीर देतो, तेव्हा त्या वाक्यातील व्याकरणाच्या पुरुषासही महत्त्व असावे असे दिसते. वेल्समधील बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ जणांनी १० किलोमीटर सायकल चालविली. ‘मी टिकेन’ या धर्तीच्या वाक्यांपेक्षा ‘तू टिकशील’ या धर्तीच्या वाक्यांनी त्यांचा वेग वाढला. जाणवणारे श्रम मात्र वाढले नाहीत. द्वितीय पुरुषामुळे बोलणारा स्वतःकडे किंचित दुरून पाहतो, असे याचे एक स्पष्टीकरण होय. मराठीत सर्वनाम गाळले तरी हा भेद क्रियापदाच्या प्रत्ययात उरतो. प्रयोग लहान असला, तरी धीराचे वाक्य निवडताना आशयाइतकेच रूपही पारखून घेणे इष्ट ठरेल.