विहिरीत शिकलेला पोहणारा ट्रायथलॉनला निघतो तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात पोहणं शिकायची शाळा म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा नाहीतर कमरेला ट्यूब बांधायची, थोरल्या भावाने काठावरून ढकलायचं, चार गटांगळ्या खाल्ल्या की हातपाय चालू लागतात. वर्धा नदीकाठच्या गावांत हेच शिक्षण डोहात होतं. असं शिकलेला पोरगा तळ न दिसणाऱ्या पाण्यात बिनधास्त सूर मारतो. मात्र त्यालाच तरणतलावात सलग शंभर मीटर पोहायला लावलं, तर दुसऱ्या फेरीला तो धापा टाकत कठडा धरतो.

ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या ग्रामीण नवख्याची खरी अडचण इथे आहे. त्याला पाण्याची भीती नाही, तंत्र मात्र चुकीचं बसलेलं आहे. शहरातल्या नवख्याचं नेमकं उलट असतं. निळ्या फरशीच्या तलावात तो झकास पोहतो आणि गढूळ, खोल पाणी दिसलं की त्याच्या छातीत धडधडतं. दोघांना एकच वेळापत्रक देऊन भागत नाही.

पोहणं, सायकल आणि धावणं हे तिन्ही एकापाठोपाठ, मध्ये घड्याळ न थांबवता करायचं, ही झाली ट्रायथलॉन. पहिलटकरासाठी योग्य असते ती ‘स्प्रिंट’: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धाव. ऑलिंपिक अंतर त्याच्या बरोबर दुप्पट. पुढे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धाव अशी अर्ध आयर्नमॅन. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ याच प्रकारातली. तिथे मिरामारच्या समुद्रात पोहावं लागतं. कोल्हापूरच्या बर्गमन स्पर्धेत राजाराम तलावात.

या खेळाची सुरुवात २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली. तेव्हा ४६ जण उतरले होते. त्या दिवशी पोहणं शेवटी होतं, अंधार पडत आला, आणि पोहणाऱ्यांना दिसावं म्हणून मोटारींचे दिवे पाण्यावर रोखावे लागले. दमलेल्या माणसाला शेवटी पाण्यात उतरवणं धोक्याचं असतं, म्हणून पुढे पोहणं आधी घेण्याची पद्धत रूढ झाली. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, तीही पोहण्यानेच सुरू झाली. १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी ती पुरी केली.

पोहणं आधी आलं तरी धोका संपला नाही. १९८५ ते २०१६ या काळातल्या अमेरिकी ट्रायथलॉन स्पर्धांमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग डॉक्टरांनी तपासले. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. पोहणं हा स्पर्धेचा सगळ्यात छोटा टप्पा असूनही हे प्रमाण आहे. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्याने सराव सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. वेळापत्रकातली पहिली ओळ तीच असावी.

महाराष्ट्रातली या खेळातली ठळक नावं पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. २०१५ मध्ये झ्युरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी करणारे मिलिंद सोमण तरुणपणी राष्ट्रीय विजेते जलतरणपटू होते. पुण्याचे कौस्तुभ राडकरही मुळात जलतरणपटूच. पोहणं त्यांना लहानपणापासून येत होतं, बाकीचं पुढे जोडलं. विदर्भात वारं उलट्या दिशेचं आहे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पुरी केली. त्यांच्यासारख्यांमुळे इथे सायकल आणि मॅरेथॉनची गोडी लागली. ट्रायथलॉनकडे वळणारे बहुतेक जण याच दोन वाटांनी येतात. त्यांच्या पायात दम असतो, म्हणून पाण्यातही ते पायांवरच जोर देतात आणि तिथेच फसतात.

कारण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट आहे. जमिनीवर ताकद वाढवली की वेग वाढतो. पाण्यात आधी अडथळा कमी करावा लागतो. विहिरीत शिकलेला माणूस मुंडकं वर ठेवून पोहतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, अंग तिरपं होतं आणि प्रत्येक हाताला तो पाण्याची भिंत ढकलत राहतो. मग पाय आणखी जोरात मारतो. मांडीचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, आणि दोन मिनिटांत दम संपतो.

पायांचा वाटा किती थोडा असू शकतो, हे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवलं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. धडधाकट पायांच्या बहुतेक नवख्यांना ही वेळ गाठता येणार नाही. ट्रायथलॉनमध्ये तर पाय पुढच्या सायकलसाठी राखायचे असतात. पोहताना त्यांनी अंग आडवं राहील इतकंच हलावं.

दुसरी खोड श्वासाची. विहिरीत बुडी मारायची म्हणजे श्वास कोंडायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. फ्रीस्टाइलमध्ये तोंड पाण्यात असताना नाकातोंडाने सतत हवा सोडत राहायचं आणि मान वळवल्यावर फक्त आत घ्यायची. हवा आत कोंडून ठेवली की कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जीव घुसमटल्यासारखा होतो. माणसाला वाटतं आपला स्टॅमिना कमी आहे. खरं तर त्याने उच्छ्वासच पुरा केलेला नसतो.

हे शिकायला तलावही लागत नाही. घरी मोठ्या बादलीत किंवा टबात पाणी घ्यावं, पोहण्याचा चष्मा लावून कानापर्यंत तोंड बुडवावं, चार मोजेपर्यंत बुडबुडे सोडावेत, मान बाजूला वळवून एक कान पाण्यातच ठेवत श्वास घ्यावा आणि पुन्हा तोंड आत. रोज दहा मिनिटं. दोन आठवडे असं केलेला माणूस तलावात उतरतो तेव्हा त्याचे सुरुवातीचे कितीतरी तास वाचलेले असतात.

तलाव मात्र लागतोच, आणि राळेगावहून यवतमाळ चाळीस-पन्नास किलोमीटर. नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून रोज हे अंतर कापणं कोणाला जमणार? म्हणून बहुतेक जण रविवारी एकदा जातात, दोन तास पाण्यात घालवतात आणि दमून परततात. मेहनतीच्या मानाने यातून फार थोडं मिळतं. पोहण्यात शरीराला पाण्याची जाण यावी लागते आणि आठवडाभराच्या खंडात ती विरते. दोन तासांच्या एका फेरीपेक्षा पाऊण तासाच्या तीन फेऱ्या कितीतरी जास्त उपयोगी पडतात. आठवड्यात तीनदा जमलं तर उत्तम, दोनदा ही किमान मर्यादा. दोनदाच जमणार असेल तर दोन्ही दिवस लागोपाठ घेऊ नयेत. बुधवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ असं काहीतरी बसवावं, आणि मधल्या दिवशी घरी दाराला रबरी पट्टा अडकवून हात ओढण्याचा व्यायाम करावा.

त्याहून चांगला मार्ग आपल्या रीतीतच आहे. उन्हाळ्यात मुलं मामाकडे जातात, तसं मे महिन्यात दोन-तीन आठवडे यवतमाळ किंवा नागपूरच्या नातेवाइकांकडे मुक्काम ठोकावा आणि रोज सकाळी प्रशिक्षकाकडे तंत्र घटवून घ्यावं. एकदा पक्कं बसलं की पुढे दोन दिवसांवर ते टिकवता येतं. सुरुवातीलाच आठवड्यातून एकदा शिकत राहिलं, तर चुकाच पक्क्या होतात.

बारा आठवडे हाताशी धरू. पहिल्या चारांत अंतराचा विचारच करायचा नाही. दिवसाला सहाशे ते आठशे मीटर, तेही पंचवीस-पंचवीस मीटरच्या तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यानंतर श्वास शांत होईपर्यंत थांबायचं. एका तुकड्यात लक्ष फक्त उच्छ्वासावर, दुसऱ्यात नजर तळाकडे ठेवण्यावर, तिसऱ्यात हात पुढे लांबवून अंग कुशीवर वळवण्यावर. बिघडलेल्या तंत्राने हजार मीटर ओढण्यात काही अर्थ नाही. हा काळ कंटाळवाणा असतो आणि बरेच जण इथेच घाई करतात.

पाचव्या आठवड्यापासून पन्नास आणि शंभरचे तुकडे येतात, एकूण हजार-बाराशे मीटर. आता प्रत्येक दिवसाला आकार द्यायचा. आधी दोनशे-तीनशे मीटर सावकाश, मग तंत्राचे थोडे तुकडे, मग मुख्य काम, शेवटी शंभर मीटर अंग सैल करायला. मुख्य कामाचा वेग अंदाजाने ठरवू नये. एक साधी चाचणी आहे, तिला ‘क्रिटिकल स्विम स्पीड’ म्हणतात. चारशे मीटर जमेल तितक्या जोरात पोहून वेळ नोंदवायची, पुरेशी विश्रांती घेऊन दोनशेची नोंदवायची. समजा चारशेला १० मिनिटं लागली आणि दोनशेला ४ मिनिटं ४० सेकंद. फरक आला ५ मिनिटं २० सेकंदांचा, म्हणजे शंभराला २ मिनिटं ४० सेकंद. सरावाचा वेग हा. मग पन्नास मीटरचे आठ तुकडे घ्यायचे, प्रत्येक १ मिनिट २० सेकंदांत, मध्ये वीस सेकंद दम. पहिला तुकडा सव्वा मिनिटात आणि आठवा दीड मिनिटात झाला, तर सुरुवात हावरटपणाने झाली असं समजावं. आठही सारखे आले की गाडी रुळावर आहे.

नवव्या आठवड्यानंतर तुकडे लांबतात: दोनशेचे चार, चारशेचे दोन, आणि मग एक दिवस ७५० मीटर सलग. वरच्या वेगाने त्याला वीस मिनिटं लागतात. यातला एक सराव कठड्याला हात न लावता, पायाने न ढकलता, मधूनच वळून करावा. तलावात दर पंचवीस मीटरला भिंतीचा जो फुकट धक्का मिळतो तो उघड्या पाण्यात नसतो. एखाद्या दिवशी पोहून झाल्यावर लगेच सायकलवर बसावं. आडव्या अंगाने वीस मिनिटं घालवून एकदम उभं राहिलं की डोकं गरगरतं. त्यासाठी शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पाय थोडे जास्त हलवावेत. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणायचं.

हे सगळं आपल्या ऋतूंत आणि कापसाच्या हंगामात बसवावं लागतं. जूनमध्ये पेरणी, पुढे डवरणी-निंदण, दिवाळीच्या आसपास वेचणी. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा मात्र पावसाळा संपल्यावर आणि हिवाळ्यात येतात. शेतकरी घरातल्या मुलाने तंत्राचे आठवडे एप्रिल-मेमध्ये उरकावेत, पेरणीत बादली आणि रबरी पट्ट्यावर तग धरावा, आणि पुढचे आठ आठवडे पोळ्याच्या सुमारास सुरू करावेत. सरळ रेषेतला बारा आठवड्यांचा तक्ता इथे चालणार नाही आणि चालला नाही म्हणून कोणी खचूही नये.

उघड्या पाण्याच्या सरावाबाबत मात्र तडजोड नको. वर्धा नदी पावसाळ्यात सरावाची जागा नव्हे. पाणी ओसरल्यावरही रेती उपशाने पात्रात पडलेले खोल खड्डे वरून दिसत नाहीत. सिंचनाच्या कालव्यात तर कधीच उतरू नये. सिमेंटच्या उतरत्या भिंतीवर शेवाळ असतं, धरायला काही नसतं आणि ओढ सतत असते. विहीर परिचयाची असली तरी तिथे फक्त श्वासाचा आणि पाठीवर तरंगण्याचा सराव होतो. अंतर कापायचं तर शांत तलाव हवा, मालकाची किंवा खात्याची परवानगी हवी, काठावर दोरी घेऊन उभा असलेला पोहणारा माणूस हवा आणि कमरेला बांधलेला भडक केशरी फुगा हवा. एकट्याने कधीच नाही, कितीही तरबेज असलं तरी.

तिथे शिकायची गोष्ट एकच, सरळ जाणं. तळाला काळी रेघ नसते, त्यामुळे माणूस नकळत एका बाजूला सरकतो. दर सात-आठ हातांनी डोळे तेवढे पाण्यावर काढून समोरचं मोठं झाड किंवा टेकडी पाहायची आणि त्याच ओघात बाजूला श्वास घ्यायचा. स्पर्धेआधी याचा अंदाज हवा असेल तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दर हिवाळ्यात होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेतलं छोटं अंतर हा चांगला पर्याय आहे. गर्दीत, लाटांत, इतरांचे हातपाय लागत असताना पोहणं तिथे कळतं.

या सगळ्यात मुली कुठे आहेत, हे विचारायलाच हवं. विहिरीवरची शाळा जवळजवळ फक्त मुलग्यांची. राळेगावातली एखादी मुलगी उत्तम धावते, सायकल चालवते, पण पाण्यात पाय घालण्याची संधीच तिला मिळालेली नसते. तिच्यासाठी बारा आठवड्यांआधी आणखी दोन महिने धरावे लागतात: कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवणं, तरंगणं, खोल भागात उभ्याने हात हलवत थांबणं. तलावावर महिलांची वेगळी वेळ आणि शिकवायला महिला प्रशिक्षक असेल तर घरून परवानगी मिळणं सोपं होतं. तालुक्याच्या ठिकाणी एक २५ मीटरचा तलाव झाला, तर ट्रायथलॉन राहू द्या, दर पावसाळ्यात बुडून जाणारे जीव वाचतील. क्रीडा संकुलांच्या आराखड्यांत ही मागणी कबड्डी-कुस्तीच्या मैदानांइतक्याच जोराने मांडली पाहिजे.

स्पर्धेच्या दिवशी विहिरीत शिकलेल्याची शिदोरी, म्हणजे खोल पाण्याची भीती नसणं, कामी येते. तरीही सुटण्याची शिट्टी झाली की पुढच्या रांगेत घुसू नये. कडेला किंवा मागे थांबून पहिले दोनशे मीटर मुद्दाम सावकाश काढावेत, कारण घाबरून श्वास उथळ होण्याचा धोका इथेच सर्वाधिक. नियमानुसार कोणत्याही पद्धतीने पोहता येतं. छातीवरचं पोहणं चालतं, पाठीवर वळता येतं, आणि पुढे सरकायला मदत घेतली नाही तर बचावाच्या होडीला धरून दमही खाता येतो. गोव्याच्या ७०.३ स्पर्धेत १.९ किलोमीटरसाठी १ तास १० मिनिटं मिळतात. शंभराला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. २ मिनिटं ४० सेकंदांनी पोहणारा तिथेही पाऊण तास उलटल्यावर थोड्याच वेळात पाण्याबाहेर येईल. मग चष्मा आणि टोपी काढत सायकलीकडे जायचं, हेल्मेटचा पट्टा आधी लावायचा आणि मगच सायकलला हात लावायचा. हा क्रम चुकला तर दंड होतो.